वेदनेच्या रकान्यातील माझी बारा शून्ये खोडून मिळण्याबाबत

दि. ९ सप्टेंबर, सोमवार

प्रति,
मा. विभागप्रमुख,
बायोमेडिकल इंजिनिअरिंग विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट बंद)

अर्जदार : वापरकर्ता क्रमांक एक, अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनीची आजी

विषय : कृत्रिम पायाच्या प्रकल्पात मी स्वतः सांगितलेले खोटे आकडे रद्द करणे व आपल्या पहारेकऱ्याचा तसाच पाय आजच्या आज उतरवणे, याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दोन ओळींचे पत्र. त्यातल्या दोन्ही ओळी चुकीच्या आहेत.

महोदय,

कारण शेवटी सांगायची मला सवय नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. मी खोटे बोलले. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, सही करून.

१. मी चाळीस वर्षे रुग्णालयाच्या चादरी धुणारे धुलाईघर चालवते. शिक्षण चौथी. पण किती चादरी आल्या, किती गेल्या, किती फाटल्या, याची वही माझ्या हातची आहे आणि तीत एक खाडाखोड सापडली तर येऊन दाखवावी. 'संदर्भ' आणि 'पुढीलप्रमाणे' हे शब्द मी रुग्णालयाच्या कारकुनांकडून उचलले. चुकीच्या जागी पडले असतील तर बोल त्यांना लावावा. हा अर्ज आधी लेकाकडून लिहवून घेतला होता. त्याने एका पानात सात वेळा 'नम्र विनंती' लिहिले. ते पान फाडले आणि स्वतः बसले.

२. पाच वर्षांपूर्वी ओल्या चादरींची गाडी उतारावरून सुटली. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये माझा उजवा पाय होता. चाकाखाली लाकूड लावायला कोण विसरले ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी विसरू नये म्हणून मी रोज सकाळी सुनेला आठवण करून देते. पाय गुडघ्याखाली कापला. नात तेव्हा बारावीला होती. आईच्या हातून गेलेला पाय मी करून देते, असे म्हणून तिने आपल्याकडे प्रवेश घेतला. डॉक्टर व्हायला डोके लागते म्हणून मशिनीकडे वळलीस का, असे मी तिला चार पाहुण्यांसमोर विचारले होते. ती पाहुण्यांचे कप उचलून आत गेली. आमच्या घरात कण्हायची पद्धत नाही. ती पद्धत मीच घातली आहे.

३. चौथ्या वर्षी तिने पाय केला. प्लास्टरचे माप घेतले, ते संगणकात घातले आणि उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी मशिनीतून काढली. वाटी हलकी, पुढून पातळ. तिच्या आतल्या बाजूने दाब मोजणाऱ्या चार चकत्या तिने आपल्या हाताने तारा जोडून बसवल्या. तिचे मार्गदर्शक सर वाटी हातात घेऊन म्हणाले की अशी वाटी या विभागात आजवर कुणी केली नाही. मग मला बारा आठवडे आपल्या लांब व्हरांड्यात चालवले. फायलीत नाव लिहीत नाहीत म्हणून मी वापरकर्ता क्रमांक एक झाले.

४. दर शुक्रवारी माझ्यापुढे एक कागद येई. त्यावर ओळीने तोंडे काढलेली. पहिले हसरे, खाली शून्य. शेवटचे रडके, खाली दहा. किती दुखते त्या तोंडावर बोट ठेवा, असे सांगत. महोदय, रडके तोंड घेऊन आलेल्या बाईला मी चाळीस वर्षे कामावर उभी केली नाही. आणि आपण मला बावीस वर्षांच्या पोरापोरींसमोर, सून दाराशी उभी असताना, रडक्या तोंडावर बोट ठेवायला सांगता? मी पहिल्याच शुक्रवारी शून्यावर बोट ठेवले. तेव्हा खरा आकडा तीन होता. चौथ्या आठवड्यात सहा झाला, मी शून्य म्हणाले. नवव्या आठवड्यात नऊ होता, तेव्हा शून्य म्हणून वर एका मुलाला विचारले की तुझा चेहरा का असा पडला आहे, वाटी तू घातली आहेस का. सगळे हसले. मला बरे वाटले.

५. आता जे सांगते ते नीट वाचावे, कारण प्रकल्प इथे फसला आहे आणि तो नातीने फसवलेला नाही. चार चकत्यांपैकी तिसरी चकती नळीच्या हाडाच्या टोकापाशी होती. ती पहिल्या दिवसापासून ओरडत होती. संगणकावर तिची रेघ छतापर्यंत जाई. नात म्हणाली, इथे दाब फार येतोय, आजीला दुखत असणार. सर म्हणाले, आजी तर शून्य म्हणतात, म्हणजे तुझे जोडकाम कच्चे आहे. तिने चकती काढून पुन्हा जोडली. रेघ तेवढीच. पुन्हा काढली. असे दोन आठवडे चालले. बोटे भाजून घेतली तिने. वर्गातली मुले तिला 'तिसरी चकती' म्हणून हाक मारू लागली. मी तिथेच खुर्चीत बसून हे बघत होते. मी तिला म्हणाले, एक तार जोडता येत नाही आणि पाय जोडायला निघालीस. शेवटी सरांच्या सांगण्यावरून तिने तिसऱ्या चकतीचे सगळे आकडे 'बिघाड' असे लिहून अहवालातून वगळले.

चकती खरे बोलत होती, मी खोटे. आपल्या विभागाने मशीन सोडून माणसावर विश्वास ठेवला. जन्मात पहिल्यांदा कुणी माझा शब्द न तपासता मान्य केला आणि नेमका तोच खोटा होता.

६. प्रकल्प विभागात पहिला आला. पाय बनवणाऱ्या एका कंपनीने नातीला नेमणुकीचे पत्र दिले. प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझा मोठा फोटो लागला, नव्या पायावर सरळ उभी, खाली अक्षरे 'बारा आठवडे, वेदना शून्य'. तो फोटो बघून मी पुढे तीन महिने तीच वाटी घालत राहिले. कण्हत नव्हते म्हणून कुणी बघितले नाही. गेल्या महिन्यात मोजा काढताना नात खोलीत आली. चाळीस वर्षे मी चादरीवरचे डाग वाचले आहेत, कोणता आजचा आणि कोणता आठवड्याचा ते मला लांबून कळते. त्या मोज्यावर सगळेच होते. नातीने मोजा उचलला, वास घेतला आणि डाग नेमके कुठे आहेत ते बोटाने चाचपले. एवढेच म्हणाली, "म्हणजे माझी चकती बरोबर होती." माझ्या पायाचे तिने विचारले नाही. मला राग आला नाही. मीही विचारले नसते.

७. हाडात पू झाला आहे. शस्त्रक्रियेचे डॉक्टर येत्या गुरुवारी गुडघ्याच्या वरून कापणार आहेत. तो माझा हिशेब, त्यासाठी मी आपल्या दारात आले नसते. मी आले ते पहारेकऱ्यासाठी.

८. प्रयोगशाळेच्या दाराशी बसणारा आपला पहारेकरी, ज्याचा डावा पाय साखरेच्या आजारात गेला, त्याला आपण वापरकर्ता क्रमांक दोन केले आहे. नातीच्याच आराखड्यावर तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी त्याच्या मापाची वाटी काढली आहे. पुढून तशीच पातळ. चकत्या तीनच, कारण तिसरीची जागा 'बिघाडाची' म्हणून सोडून दिली. त्याचा सहावा आठवडा चालू आहे. मी लिफ्ट बंद असताना दोन मजले कुबडीवर चढून त्याच्या बाकावर जाऊन बसले आणि विचारले, किती सांगतोस? तो म्हणाला, "शून्य." मी म्हणाले, खरे किती? तो भिंतीवरच्या फोटोकडे बघून हसला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही बाईमाणूस असून शून्य सांगितलंत. मी पाच सांगू? पोरं रोज ये-जा करतात इथून." मी त्याला वाटी काढायला लावली. काढेना, तेव्हा त्याच्या बायकोला सांगेन म्हणाले, तेव्हा काढली. माझ्या ज्या जागी सुरुवात झाली होती त्याच जागी त्याला शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग आहे. मी बोटाने दाबला. साखरेच्या आजाराने तिथली जाणीवच गेली आहे, त्याला कळलेसुद्धा नाही. मी खोटे शून्य सांगत होते. त्या जागी त्याचे शून्य खरे आहे, आणि म्हणून तो माझ्याहून लवकर जाईल.

मला त्याची दया येते असे समजू नये. तो माणूस दारात झोपतो आणि बिडी ओढतो. पण माझ्या शून्यावर भरवसा ठेवून दुसऱ्याने गुडघा घालवावा, हे मला खपणार नाही.

९. यावर मी काय काय केले ते नोंदीसाठी देते. सरांना भेटले. ते म्हणाले, "आजी, नातीवर रुसलात का?" माझ्या सुनेने त्यांना आधीच फोन करून सांगितले होते की सासूबाईंना हल्ली आठवत नाही आणि पोरीचे चांगले झालेले बघवत नाही. पाच वर्षे रोज सकाळचे ऐकून घेतल्यावर तिने एकदाच तोंड उघडले, तेही मोक्याला. बाई शिकली म्हणायची. मग आपल्या कार्यालयात गेले. कारकून म्हणाला की आकडे विद्यार्थिनीच्या सहीशिवाय बदलत नाहीत. तक्रार तरी घ्या म्हणाले. त्यावर संदर्भातले पत्र आले. पहिली ओळ : नोंद अंतिम आहे. दुसरी ओळ : वापरकर्ता क्रमांक एक यांची वेदना नोंदीनुसार शून्य असल्याने त्यांची वेदनेबाबतची तक्रार ग्राह्य धरता येत नाही.

महोदय, मी ती ओळ जखम धुताना मोठ्याने वाचली. ड्रेसिंग करणाऱ्या बाईच्या हातातला चिमटा पडला. हसून पडला की कशाने ते मी विचारले नाही.

१०. नातीला सही मागितली. ती म्हणाली, सही केली तर प्रकल्प रद्द होईल, पदवी अडकेल, कंपनीचे पत्र जाईल. चार वर्षे, आजी. मी म्हणाले, माझा गुडघा जातोय, मी तुला चार वर्षे मोजून दाखवतेय का? त्यावर ती अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "तू शून्य सांगितलंस, मी शून्य लिहिलं. आता गप्प बस. आपल्या घरात कण्हत नाहीत." इतके नेमके मला माझे कुणी परत केले नव्हते. पोरगी हुशार आहे, हे मी या कागदावर पहिल्यांदा कबूल करते. तिला कुणी सांगू नये.

११. तरी मागणी पुढीलप्रमाणे. पहारेकऱ्याची वाटी हा अर्ज हातात पडल्याबरोबर उतरवावी आणि त्याला खऱ्या डॉक्टरकडे न्यावे. तो शून्य म्हणाला तरी न्यावे. माझा फोटो खाली घ्यावा. माझी बारा शून्ये खोडून सोबत दिलेले खरे आकडे लिहावेत. ते मला पाठ आहेत, कारण त्या त्या शुक्रवारी किती चादरी गेल्या ते वहीत आहे आणि चादरींवरून दुखणे आठवते. आकड्यांवर भरवसा नसेल तर आपण स्वतः येऊन जखम बघावी. पण बुधवारपर्यंत. गुरुवारी पुरावा कापला जाईल आणि मग मी व माझी नोंद दोघींचेही शून्य होईल.

शेवटची मागणी. तिसऱ्या चकतीचे वगळलेले आकडे अहवालात परत घालावेत आणि त्यापुढे लिहावे की चकतीत बिघाड नव्हता, जोडकाम पहिल्या दिवसापासून पक्के होते. ज्या मुलांनी तिला त्या नावाने हाक मारली त्यांच्यासमोर ते वाचून दाखवावे. माझ्या नातीला नापास करायचे असेल तर खुशाल करावे, पदवी अडकवावी, मी रडत येणार नाही. पण वाटीत नापास करावे, माझ्यात नापास करावे. जोडकामात करू नये.

१२. दुसरी प्रत मी पहारेकऱ्याच्या बायकोला वाचून दाखवून तिच्याकडे ठेवली आहे. तिला वाचता येत नाही, पण ओरडता चांगले येते. तेव्हा हा अर्ज दाबून उपयोग नाही, हे जो कुणी तो वाटेत वाचेल त्यानेही ध्यानात घ्यावे. पाकीट मी चिकटवलेले नाही. ते घेऊन नातच येणार आहे.

आपली, कुणाचेही ऐकून न घेणारी परंतु या एका बाबतीत चुकलेली,

वापरकर्ता क्रमांक एक
(सही स्वतःची, अंगठा नाही)

सोबत :
१) आपल्या कार्यालयाचे पत्र, मूळ प्रत. मला ठेवायचे नाही.
२) बारा शुक्रवारचे खरे आकडे, चादरींच्या संख्येसह.
३) मोजा, एक. आमच्या धुलाईघरातून चाळीस वर्षांत न धुता बाहेर गेलेला पहिला कपडा. जपून उघडावा.
४) आकडे बदलण्यास विद्यार्थिनीची संमती, सही :

......................................

(जागा सोडली आहे. पेन पाकिटात ठेवले आहे.)