किती दिवस आधी सांगावं

वारंगा फाटा,
मंगळवार

प्रिय अंजली,

भारतची लेकरं दोन्ही सुखरूप घरी आली, हे आधीच लिहितो, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. रुद्रचा हर्निया आणि प्रतिक्षाचे टॉन्सिल, नांदेडला एकाच आठवड्यात उरकले. मी नुसतं 'पाऊस झाला' म्हटलं तरी तू भारतला फोन करून खात्री करून घेतेस, हे मला ठाऊक आहे. चूक तुझी नाही. सात वर्षांची होतीस, औंढ्याला बांगड्या घ्यायला जाऊ म्हणून गाडीत बसवलं आणि ऑपरेशनच्या टेबलावर निजवलं. तेव्हापासून माझा शब्द तुझ्याकडे चालत नाही.

तुझा हा भाऊही तेच करायला निघाला होता. रुद्रला म्हणे दवाखान्याच्या दारात गेल्यावर सांगू. मी म्हटलं, एका लेकराशी खोटं बोललो तेवढं पुरे. तिथल्या शिला सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, पाच वर्षांच्या पोराला दोन-तीन दिवस आधी, थोडक्यात सांगा. तेरा वर्षांच्या पोरीला पंधरा दिवस आधी, सगळं, आणि आजूबाजूला गर्दी नको.

रुद्रला सांगितलं, मांडीच्या वर जरासं कापतात आणि शिवून टाकतात. त्यानं लगेच मान डोलवली. मी चार मेंढरं घेऊन या फाट्यावर आलो आणि आज पेंडीचं दुकान, दोन गाड्या आहेत. गिऱ्हाईक पहिल्याच भावाला मान डोलवतं तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, एवढं कळतं मला. पोरगं जेवेना. संध्याकाळी गोठ्यामागून त्याचा आवाज आला. त्याच्या काळ्या करडाच्या गळ्यात हात टाकून सांगत होता, "काळ्या, मला बी बोकडावानी करून राहिले रे."

गेल्या महिन्यात त्याच्यासमोरच मी चार बोकड खच्ची करून घेतले होते. आधी हसू आलं, मग माझंच तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी त्याला शिलाकडे नेलं. तिनं बाहुलीच्या पोटाखाली पेनानं बोटभर रेघ ओढून दाखवली. सगळं जागेवर राहतं का, असं त्यानं दोनदा विचारलं, तिनं दोन्ही वेळा न हसता उत्तर दिलं. वर भूल द्यायचा एक मास्क खेळायला दिला. तो घरी आधी काळ्याला लावून झाला, मग तुझ्या आईला. ऑपरेशनच्या दिवशी आत जाताना त्यानं डॉक्टरलाच बजावलं, "मी बोकड न्हाई, ध्यानात ठेवा."

प्रतिक्षाचं वेगळंच. तिनं मोबाईलवर सगळं बघून मलाच समजावलं. पण मैत्रिणीशी बोलताना ऐकलं मी, भुलीत माणूस मनातलं बोलून जातं का म्हणून. काहून तिचा जीव घाबरला होता ते तेव्हा कळलं. एका पोराचं नावही ऐकू आलं. माझे कान तुला माहीत आहेत, पण ते इथं लिहिणार नाही. शिलाला म्हटलं, दार लावून बोल तिच्याशी. झोपेत कुणी गप्पा मारत नाही, आणि उठताना काही पुटपुटलीस तर ते माझ्यापाशीच राहील, असा शब्द तिनं दिला. पोरगी हसत बाहेर आली. आता दिवसाला तीन आइस्क्रीम हक्कानं मागते.

आता राहिलं ते. लेकरांपायी दवाखान्याचे जिने चढताना मला दम लागायचा. शिलानं धरून तपासायला नेलं. हृदयाच्या तीन नळ्या अडल्यात, पुढच्या महिन्याच्या बावीसला बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेत सापडलं. मी शिलाला विचारलं, चौतीस वर्षांच्या लेकीला किती दिवस आधी सांगावं? ती म्हणाली, तुम्हाला कळलं त्याच दिवशी. त्याला आज नऊ दिवस झाले, म्हणजे याही वेळी उशीरच केला. भीती वाटते, हेही खरंच लिहितो. आज सकाळी रुद्रनं खेळता खेळता तो मास्क माझ्या तोंडाला लावला आणि म्हणाला, आबा, सगळं जागेवर राहतं. जमलं तर ये. बरा झालो की औंढ्याला बांगड्या घ्यायला जाऊ. या खेपेला आधी दवाखाना, मग बांगड्या. आणि भारतला फोन करून खात्री करता येणार नाही. त्याला अजून ठाऊक नाही. सगळ्यांच्या आधी तुलाच सांगून राहिलो.

तुझाच,
आबा