दर्यातून आलेली दाढ

पुणे, ६ नोव्हेंबर २०२४

ती. आत्मारामकाकांस,
मृणालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं बरं म्हणता आणि करायचं तेच करता, म्हणून हे पत्र. काकूने धाडलेला फोटो पाहून कपाळावर हात मारला. अहो, तुमच्या जाळ्यात आला तो देव नव्हे, दाढ आहे! स्टेगोडॉन नावाच्या, हत्तीच्या भाऊबंदातल्या प्राण्याची. ती जात नाहीशी होऊन हजारो वर्षं झाली. तुम्ही जाळं ओढता तिथे बहुधा तेव्हा जमीन होती. आणि तुम्ही तिला शेंदूर फासून वर नारळ फोडता! एक टवका उडालेला दिसतोच आहे. हे सगळं आजच बंद करा आणि दाढ मला अभ्यासाला द्या.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची मृणाली

मिरकरवाडा, १४ नोव्हेंबर

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

काकाला शिकवायला लागलीस, आनंद आहे. तुझी ती दाढ जाळ्यात अडकली तेव्हा आम्हीही तिला शिव्याच घातल्या. जाळं सोडवण्यात वेळ गेला, मागे राहिलो. पुढे गेलेल्या बोटी वादळात सापडल्या. दोन माणसं परत आली नाहीत. आमचा पोरगा संदेश मात्र परत आला. आता सांग, तिला देव म्हणू नको तर काय म्हणू? तरी तुझ्या हट्टापायी गुरवाकडून देवीला कौल लावला. देऊन टाकू का, विचारलं. डावी कळी पडली, म्हणजे नाही. नारळ मात्र आता पायरीवर फोडतो. काकू म्हणते, भांडायला तरी ये, सुरमई आहे.

आशीर्वाद आहेतच.
आत्माराम

पुणे, २० नोव्हेंबर

ती. काकांस सा. न.

धन्य आहात! देऊन टाकू का विचारल्यावर कुठली देवी हो म्हणेल? मी कायमची मागितलीच कुठे? महिनाभर पाठवून परत आणू का, असं विचारा. संदेशचं वाचून रडू आलं, खोटं नाही सांगत. पण तेल पाजून पाजून ती खराब झाली तर तुमच्याकडेही राहणार नाही.

काकूला नमस्कार, माझ्यावर माया असू द्या.
मृणाली

मिरकरवाडा, २९ नोव्हेंबर

चि. मृणालीस आशीर्वाद.

उजवी पडली. झालं समाधान? दाढ काकूच्या जुन्या लुगड्यात बांधून संदेशबरोबर पाठवतोय. ती परत येईपर्यंत त्याने बोटीवर पाय ठेवायचा नाही. हा हुकूम देवीचा नाही, माझा. ऐन हंगामात बसवलं म्हणून तो चिडलाय, चिडू दे. त्या वादळापासून तो बोट घेऊन निघाला की परत येईपर्यंत मी जेटी सोडत नाही. जाऊ नको म्हणायला तोंड नाही, मीच बोट त्याच्या हाती देऊन त्याला तांडेल केला.

तू महिना म्हणालीस. घाई करू नको, बाय. पावसाळ्यात बोटी बंद होतात. तोवर अभ्यास पुरव.

दोघांना सांभाळ.
तुझा काका