घडवणाऱ्यांची नावं

८ जानेवारी १९८४, हिंगणी
झालं ते असं :
१. दिवाळीनंतर अल्लीपूरला बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.
२. मी त्यांना इथे, धरणावरच्या माझ्या क्वार्टरमध्ये आणलं. मी कामावर असताना शेजारच्या काशीबाई बघतात.
३. काल बाबा बोलले.
४. आज दादा नागपूरहून आला. त्याच्या मते ते बोलणं नव्हे. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन जाणार.

काल त्यांची जुनी डिक्शनरी पुसत होते. उघडलं त्या पानावरचा शब्द मोठ्याने वाचला. व्हीलराइट. खाटेवरून आवाज आला, "चाक करणारा." जीभ जड, पण स्पष्ट. मी भराभर पानं उलटली.
शिपराइट? "जहाज." मिलराइट? "चक्की." आर्कराइट? "पेट्या." राइट म्हणजे घडवणारा, जुन्या इंग्रजीतला. बाबा दरवर्षी नववीला हे शिकवायचे.
मग विचारलं, पाणी हवं? उत्तर नाही.

११ जाने.
धरणाच्या पायथ्याशी गळतीचं माप घेतलं. नेहमीइतकीच. संध्याकाळी शब्द उलट क्रमाने विचारले. उत्तरं बरोबर. म्हणजे रांग पाठ नाही, पण जोड्या पाठ असतील. दादाचा मुद्दा उरतोच. "बाबा पाठ म्हणतात, नंदा. पोपटही म्हणतो. पोपटाशी गप्पा मारत बसशील?"
आणि : "नागपूरला डॉक्टर हाकेवर आहे. तिथे हे इंग्रजी बंद. डोकं शिणतं त्यांचं."
डॉक्टरचं खरं आहे. खरं ते लिहून ठेवते.
तिथे त्यांना कोणी काही विचारणार नाही, हेही खरं.

१५ जाने.
संक्रांत. काशीबाईंनी बाबांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "घ्या जी मास्तर, गोड बोला." म्हणाल्या आणि जीभ चावली. बाबांनी लाडू दुपारपर्यंत मुठीत धरला. मूठ मी सोडवली.

२२ जाने.
अल्लीपूरहून डोमाजी सुतार एस.टी.ने आला. बाबा अख्खा वर्ग याच्या बापाच्या कामावर न्यायचे. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करून बैलगाडीच्या चाकावर कशी चढवतात, ते दाखवायला. "हा कोण?" बाबा विचारायचे. पोरं ओरडायची, "व्हीलराइट!" गाव अजून त्या घराला राइट म्हणतं. खरं आडनाव पोस्टमनलाच ठाऊक.
डोमाजी खाटेजवळ उकिडवा बसला. "मास्तर, वळखलं काय जी मले? दोन डाव नापास केलं तुमी, आन् आता वळखून नाई राह्यले!"
पुस्तक बंद होतं. मी काही विचारलं नव्हतं.
"व्हीलराइट," बाबा म्हणाले.
डोमाजी हसला, मग उपरण्याने डोळे पुसत राहिला. "पास झालो न ताई मी!"
त्याने माझ्याकडे बोट केलं. "आन् हे कोन व्हय, मास्तर?"
बाबांनी बराच वेळ पाहिलं. ओठ हलले.
"राहू द्या," मी म्हटलं, आणि भात लावायला आत गेले.

३० जाने.
कामावरून आले. बूट चिखलाचे, हातात मापाची टेप. बाबांची खाट दाराकडे तोंड करून. त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"धरण," म्हणाले. थांबले. "धरणराइट."
डिक्शनरीत असा शब्द नाही. असणार कसा, अर्धा मराठी. तरी पाहिलं.

१ फेब्रु.
विचारलं, मी कोण? उत्तर नाही.

४ फेब्रु.
व्हीलराइटलाही उत्तर नाही. आर्कराइटला "चक्की" म्हणाले. चूक. डॉक्टर म्हणतात, असं होतं. परत येईल, किंवा नाही येणार. काशीबाईंना विचारलं, ३० तारखेला संध्याकाळी बाबांचं काही ऐकलं का. "नाई वो बाई, मी नळावर गेलती." म्हणजे ऐकणारी मी एकटीच. एका मापावरून निष्कर्ष काढू नये, असं आम्हाला इंजिनिअरिंगला शिकवलंय.
मी काढलाय.

६ फेब्रु.
दादाला लिहायचं ते आधी इथे :

दादा, तू १९ तारखेला गाडी आणणार आहेस. त्याआधी एक दिवस गाडी न घेता ये. बाबांसमोर बस. काही विचारू नकोस, नुसता बस. ३० तारखेला ते मला एक शब्द म्हणाले. तो कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून पाठ असू शकत नाही. त्यानंतर बोलणं कमी होत चाललंय, हेही तुला सांगायला हवं. तू बसलास आणि ते काहीच बोलले नाहीत, तर त्यांची वळकटी मी स्वतः बांधून देईन. डोमाजी चाकांचा, मी धरणाची. तू बँकेत आहेस. बाबा तुला काय म्हणतात, ते मलाही ऐकायचं आहे. येतोस की नाही, १४ तारखेपर्यंत कळव.