मिठाच्या तळघरातली मथुरीन

१२ जून १७४३, लुईबूर
पोचले एकदाची! फ्रान्स सोडून सदतीस दिवस नुसता समुद्र, आणि आता पायाखाली न हलणारी जमीन. मादाम दुव्होशेल यांचं घर बंदराला लागूनच आहे. अंगणात कॉड मासे वाळताहेत, वास अगदी आमच्या सां-मालो बंदरासारखा. मला माळ्यावर खोली मिळाली, तीही खिडकीसकट. स्वयंपाकीण झाबेत मार्तिनिक बेटावरची, मादामनी विकत घेतलेली गुलाम. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "काडीएवढी आहेस गं पेरीन. आधी सूप पी, मग कामाला लाग." मला ती आवडली.

१९ जून
काम पुष्कळ, पण जमतंय. माझ्या आधीची मोलकरीण मथुरीन फेब्रुवारीत एका कोळ्याचा हात धरून पळाली, असं मादाम सांगतात. तिचे बूट अजून मागच्या दाराशी आहेत. बर्फात अनवाणी पळाली की काय? झाबेतला विचारलं, तर तिने भांडी आपटली.

२ जुलै
सकाळी तळघराच्या दारापासून दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत ओली, अनवाणी पावलं. वाळली तिथे मीठ राहिलं. मादामनी माझ्या थोबाडीत दिली. गलिच्छ म्हणाल्या. माझे पाय कोरडे होते! हात शिवशिवत होता माझा.

५ जुलै
रोज पुसते, रोज उमटतात. आज मादामच्या खुर्चीपाशी.

८ जुलै
झाबेतने शेवटी सांगितलं. चांदीचा चमचा हरवला म्हणून मादामनी मथुरीनला मासे खारवायच्या मिठाच्या तळघरात कोंडलं. तीन दिवस ती दार ठोकत होती. चौथ्या दिवशी ठोकणं थांबलं. जमीन गोठलेली, म्हणून तिला मिठातच पुरायला झाबेतला लावलं. चमचा मादामच्याच शिवणाच्या पेटीत निघाला. कुणाला का नाही सांगितलंस, मी ओरडले. "मला कोण विचारतं? त्यांच्या मेज-खुर्च्यांच्या यादीत माझं नाव आहे."

९ जुलै
पाद्रीबाबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुपारी जेवायला मादामकडेच आले. वाढलं मीच.

१० जुलै
मादामनी झाबेतला त्याच तळघरात कोंडलं. बोलले मी, शिक्षा तिला! "तुझी चौकशी करायला फ्रान्समध्ये माणसं आहेत. हिची कोण करणार?" असं तोंडावर म्हणाली ती बया. रागाने बोरू मोडला. हा दुसरा.

११ जुलै, दुपार
दाट धुकं. मादाम खुर्चीत पेंगत होत्या. कमरेची किल्ली ओढून घेतली, तळघर उघडलं. झाबेत जिवंत! अंग उबदार. म्हणते, कालपासून कुणीतरी तिला पोटाशी धरून होतं. मग आमच्या दोघींच्या मधून काहीतरी गार — ओली पावलं — जिन्याने वर —

स्वयंपाकघरात
मादाम किंचाळताहेत. मी धावले, खरंच धावले. दिवाणखान्याचं दार आतून — उघडेना. झाबेत म्हणते, "बस. ती तीन दिवस ठोकत होती, तेव्हा कोण उठलं? मीसुद्धा नाही." ती रडतेय. मी बसलेय.

आता शांत.

दार उघडलं. येताहेत — दोघी — एकीची पावलं अनवाणी, दुसरीच्या टाचा फरशीवर घासत —

मादामनी माझ्याकडे पाहिलं. जिवंत आहेत. तोंडात मीठच मीठ —

दोघी तळघरात उतरल्या, दार मागे मिटलं. किल्ली माझ्या हातात. झाबेत म्हणते, लाव कुलूप. आतून मादाम ठोकताहेत — मी —