मिक्सरमधला ससा

चि. सूनबाईस,
दुकानातूनच आशीर्वाद.

तासभर निवांत दुकान चालवण्याची खरी किंमत सांगतो: तुझ्या लेकीची झोप, माझी झोप आणि घरातलं वाटणघाटण.

परीक्षेला जाताना तू बजावलं होतंस, तरी गिऱ्हाइकांच्या गर्दीत मी टिल्लीच्या हातात मोबाईल दिला. सशाचं कार्टून होतं. एकातून दुसरं लागत गेलं आणि कुण्या नतद्रष्टाने सशाला मिक्सरमध्ये घातलेलं पोरीने पाहिलं. मग मिक्सर दिसला की किंचाळायची. आणि तिचा आजोबा मिक्सर दुरुस्त करणारा! नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो, ही माझी ख्याती तुला ठाऊकच आहे.

शेवटी तिला टेबलावर बसवलं, वायर काढली आणि एक मिक्सर पार उघडला. "बघ, आहे का कुणी?" तिने आत बोट फिरवलं. "गेला पळून!" म्हणाली आणि अशी हसली, की दारातलं गिऱ्हाईकही हसलं. आता येईल त्याला विचारते, "काका, आत कुणी नाही ना?" रात्री ढाराढूर झोपते. मोबाईल कपाटावर.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर परीक्षा टाकून येशील. परतलीस की समोर बसून बोलणी खाईन.

आज एक मिक्सर दुरुस्त करून गिऱ्हाइकाला देत होतो, तर टिल्ली कान लावून म्हणाली, "आबा, हा खरखरतोय."

"छट्! तुला काय कळतंय?"

तरी उघडला. बेअरिंग गेलेलं होतं.

तुझे,
बाबा