ग्राफिक्समुळे लांबलेला मुक्काम

बीबी, बुधवार
अधिक ज्येष्ठ

आदरणीय व्याहीबुवा महादेवराव यांना,

बीबीहून प्रेमानंदचा हात जोडून नमस्कार पोचावा, आणि तो विहीणबाईंनाही सांगावा. त्यांच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा आहे. (आमच्या घरून पाठवलेलं तेल कोमट करून लावायचं होतं. थंड लावलं असेल तर गुण येणार नाही आणि नाव मात्र आमच्या तेलाचं खराब होईल.) तुमची शुगर, तुमची गाय आणि तुमचा घसा या तिन्हींची चौकशी तुमच्या सूनबाईने, अश्विनीने, आवर्जून करायला सांगितली आहे. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. ऊन तेवढं फार आहे. नळाखाली हात धरला तर चहाचं पाणी ठेवावं लागणार नाही, अशी अवस्था आहे.

हातात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण तुमचा फोन आहे. तुम्ही तो स्पीकरवर टाकून गरम तव्यासारखा लांब धरता, आणि मी श्वास घेईपर्यंत ‘बरं, ठेवू?’ म्हणून ठेवताही. रविवारी तुम्ही विचारलंत, ‘पोरं काऊन नाही आले?’ मी म्हणालो, ‘ग्राफिक्सचा प्रॉब्लेम आहे.’ त्यावर तुम्ही ‘डॉक्टरले दाखवलं का?’ असं काळजीने विचारलंत आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवलात. तेव्हापासून विहीणबाई देवापाशी बसून आहेत असं समजलं. जावईबापूंना तुम्ही परत फोन केलाच असणार, पण ते ‘हो’ आणि ‘बरं’ यांच्या पुढे जात नाहीत हे त्यांच्या वडिलांना मी काय सांगावं! म्हणून आधी खुलासा करतो. ग्राफिक्स हा माणसाला होणारा आजार नाही. ते संगणकात असतं. खेळातली गाडी वळते, माणूस पळतो, झाडं हलतात, ते सगळं पडद्यावर काढून दाखवणारा एक भाग असतो. तो दमाचा असला तर खेळ पळतो, नसला तर अडखळतो. तुमचे चिरंजीव ठणठणीत आहेत, वेळेवर जेवतात, आणि पुरणाला नाही म्हणत नाहीत.

आता हा संगणक आमच्या घरात शिरला कसा, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नानंतर जावईबापू दोनदा आमच्याकडे आले. दोन्ही वेळा सकाळच्या गाडीने आले, जेवले, ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहिलं आणि संध्याकाळच्या गाडीने निघाले. अश्विनीही त्यांच्यामागे निघाली. तिच्या आईने डब्यात भरलेलं सगळं डब्यातच गेलं आणि आईच्या मनात भरलेलं सगळं मनातच राहिलं. दोष कुणाचाच नव्हता. या गावात पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिवसभर करावं तरी काय? मी त्यांना पिकांबद्दल विचारलं, राजकारणाबद्दल विचारलं, शेवटी हवामानाबद्दल विचारलं. तिन्हींवर ‘हो’ मिळालं. मग धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलवायचं, धोंडे करून घालायचे, वाण द्यायचं. मी अश्विनीला फोनवर विचारलं की त्यांना आवडतं तरी काय. ती म्हणाली, ‘बाबा, त्याले कंप्युटरवर गेम खेळायले आवडते. रविवारी बसला की उठत नाही.’ उठत नाही हे ऐकलं आणि माझ्या मनाने घेतलं. जावई उठले नाहीत तर अश्विनीही उठणार नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला संगणकाची हौस नव्हती. मला माझी मुलगी दोन दिवस जास्त घरात हवी होती.

तेव्हा मी जालन्याला गेलो. अश्विनीने बजावलं होतं की सगळे भाग जोडलेला तयार संगणक घ्या आणि दुकानदाराला एवढंच विचारा, ‘गेम चालेल असं ग्राफिक्स आहे का?’ मी तंतोतंत तसंच विचारलं. दुकानदाराने काही न बोलता पडद्यावर समुद्रातले मासे लावले. व्याहीबुवा, काय ते मासे! एकेक खवला वेगळा दिसत होता. एक मासा तर माझ्याकडे पाहून तोंड उघडायचा आणि मिटायचा. बैल घेताना दात पाहतात, शेत घेताना विहिरीचं पाणी पाहतात, याचं नेमकं काय पाहायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मासे पाहिले आणि ‘बांधून द्या’ म्हणालो. (मासे दाखवायला फारशा ग्राफिक्सची गरज नसते, हे मला नंतर कळलं. पण दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येणार नाही, कारण तो बोललाच नव्हता.)

येताना आमच्या गावच्या मोतीरामची पिकअप मिळाली. तो टमाट्याचे कॅरेट रिकामे करून परत निघाला होता. त्याने खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि आम्ही बीबीला पोचायच्या आधीच गावात बातमी पोचली. दारात माणसं उभी होती. पहिल्याने विचारलं, सातबारा निघतो का. दुसऱ्याने विचारलं, पीकविमा भरता येतो का. तिसरा आधारची झेरॉक्स घेऊनच आला होता. मी सांगितलं की हा संगणक फक्त खेळायसाठी आहे. तिसऱ्याने झेरॉक्स खिशात घातली. मोतीराम म्हणाला, ‘या वयात?’ मग खरं सांगावं लागलं, आणि ते सांगून मी गावाचं नुकसान केलं, कारण धोंड्यासाठी आलेल्या मोतीरामच्या जावयानेही दुसऱ्या दिवशी सासऱ्याला ग्राफिक्सचं विचारलं. त्यानंतर मोतीराम बरेच दिवस माझ्या ओट्याकडे न पाहता जात होता.

आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही, हे तुम्ही लग्नाच्या बोलणीला आलात तेव्हा पाहिलं असेल. टीव्हीला झालर आहे, फ्रिजला झालर आहे, मिक्सरला टोपरं आहे. संगणकाच्या डब्याला एका बाजूने काच आणि आत रंगीत दिवे. अश्विनीच्या आईने, अन्नपूर्णेने, काचेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला (बाहेर, माझ्या विनंतीवरून), आणि मग रस्त्याची धूळ पाहून तिला त्या डब्याची दया आली. तिने आपलं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि जावयाच्या वस्तूला शोभेल असं, आत जाड अस्तर घालून, गोधडीच्या टाक्याचं झाकण शिवलं. कडेने लेस लावली. बटण दाबायला तेवढं एक भोक ठेवलं, त्यालाही काज केलं. माझ्या लग्नाच्या सदऱ्यालाही इतकी नीट काजं नव्हती.

ठरल्या दिवशी मुलं आली. धोंडे झाले, वाण झालं, आणि मी जावईबापूंना आतल्या खोलीत नेऊन पडद्यावरचा टॉवेल काढला. व्याहीबुवा, तुमचा मुलगा हसला. लग्नातल्या फोटोतही हसला नव्हता तो. त्याने लगेच गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला. गाडी सुटली, एक वळण घेतलं, मग चिखलात रुतल्यासारखी अडखळली, डब्यातून पिठाच्या गिरणीसारखा आवाज आला आणि सगळं बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मी म्हणालो ग्राफिक्स कमी पडत असेल. जावईबापूंनी डब्याला हात लावला, झाकणाकडे पाहिलं, म्हणाले, ‘मामा, हे...’ आणि तेवढ्यात दारात हातात ताट घेऊन सासूबाई उभ्या दिसल्या. मग म्हणाले, ‘हे लय छान शिवलं.’

मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण कोणती गोष्ट नवऱ्याने बोलायची नाही हे संसारात ठरलेलं असतं, आणि नव्या जावयाने तर तशा गोष्टींकडे पाहायचंही नसतं. त्यामुळे झाकण तसंच ठेवून आम्ही दोघांनी इतर सगळे उपाय केले. टेबल कूलरसमोर सरकवलं, तर कूलरने पडद्यावर शिंतोडे उडवले. खिडकीला ओलं पोतं बांधलं, तर खोलीत अंधार झाला. जालन्याला फोन केला, तर दुकानदाराने पुन्हा मासे लावून पाहायला सांगितलं. शेवटी अन्नपूर्णेने मीठ-मिरच्यांनी संगणकाची नजर उतरवली. त्या ठसक्याने आम्ही सगळे अंगणात धावलो आणि शर्यत पुन्हा बंद पडली. या सगळ्यात रविवार गेला. तुमचा फोन आला तो याच वेळी. माझ्या डोळ्यांत मिरची होती, म्हणून खुलासा नीट झाला नाही.

सोमवारी अन्नपूर्णा खोलीत झाडायला गेली आणि सहज डब्यावर हात ठेवला. तिथूनच ओरडली, ‘अवं माय, हे तं तापानं फणफणून राह्यलं! इतक्या उन्हात याले गोधडी पांघरून ठेवली! तुमाले काही समजते का नाही?’ असं म्हणून तिने स्वतःच झाकण काढलं, झटकलं, आणि आम्हा दोघांकडे असं पाहिलं की जणू ते आम्हीच शिवलं होतं. जावईबापू म्हणाले, ‘चुकलं मामी.’ मीही म्हणालो. अश्विनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हसत होती. तिला उभं राहता येत नव्हतं. थोड्या वेळाने तिची आईही हसायला लागली. त्या दोघी कशाला हसतात हे मला या घरात कधी कोणी सांगितलं नाही, पण तो आवाज अश्विनीच्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. मी गोठ्यात जाऊन उगाच वैरण सारखी करून आलो.

तर, तुमचे चिरंजीव सांगतात ते असं. ग्राफिक्स आहे, पण बेताचं आहे. जड खेळ पूर्ण थाटात चालणार नाहीत, थाट कमी केला तर चालतील. मग त्यांनी माझ्यासमोर थाट कमी केला. आधी गवत काढलं. मग सावल्या काढल्या. मग पाण्यातलं प्रतिबिंब काढलं, शेवटी पाणीच थोडं केलं. म्हणाले, ‘पाहा मामा, आता पळते.’ मी पाहिलं तर आमचं मे महिन्यातलं शिवार जसंच्या तसं पडद्यावर आलं होतं, फक्त त्यातून लाल गाडी पळत होती. त्यानंतर त्यांनी शेतीचा एक खेळ लावला. त्यांच्या नांगराची तासं वाकडी जात होती, मला राहवलं नाही. मी खुर्ची ओढली. ‘मामा, आधी वखरू का पेरू?’ असं त्यांनी मला आपणहून विचारलं. व्याहीबुवा, तुमचा मुलगा माझ्याशी बोलला! मग खूप बोलला. लहानपणचं बोलला, तुमच्या विहिरीचं बोलला, बाबा ट्रॅक्टरला हात लावू देत नव्हते हेही बोलला. (ही तक्रार नाही.) मुलगी दिली तेव्हा मनात एक धाकधूक होती, की हा मुलगा चांगला आहे पण तिच्याशी तरी बोलत असेल का. ती धाकधूक आता गेली. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

कळावे, लोभ आहेच, तो या उन्हातही टिकावा.

आपला नम्र व्याही,
प्रेमानंद

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. मुलांच्या सुट्टीचे उरलेले दिवस तुमचे आहेत, हे मी जाणतो. तरी अजून दोन-तीन खेळ तपासायचे बाकी आहेत, आणि ग्राफिक्सचं काम अर्धवट सोडलं तर संगणकाला बाधतं असं ऐकतो. म्हणून अश्विनीला शनिवारपर्यंत इथे राहू द्यावं. मागणं जड आहे. विहीणबाईंना हळूच विचारावं.

आणखी ता. क. वरचं लिहून झाल्यावर जेवलो, पण घास गोड लागला नाही. खरं असं आहे की संगणक सोमवारपासून उत्तम चालतो आहे आणि तपासायचं काही उरलेलं नाही. जावईबापूंनी बॅगही भरली आहे. तुम्हीही मुलाची वाट पाहत असाल, जसा मी पाहत होतो. तुम्ही ‘पाठवा’ म्हणालात तर मी स्वतः दोघांना बसमध्ये बसवून देईन आणि तोंड पाडणार नाही. तेवढं जावईबापूंना फोनवर खोदून विचारू नका, त्यांना खोटं बोलता येत नाही. हे पत्र मोतीराम उद्या मेहकरला भाजी घेऊन येताना आणून देईल. (तो आता बोलतो.) घरात डिंक सापडत नाही, म्हणून पाकीट चिकटवून त्याच्याकडे द्यायला जावईबापूंनाच सांगतो. ते दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतले नाहीत.

ता. क. बाबा, मी ज्ञानेश्वर. वाचायचं नव्हतं, पण वरच ‘जावईबापू’ दिसलं. मामाले ग्राफिक्सचं पुरतं समजत नाही. सोमवारी ठीक झालं होतं, पण आज पुन्हा बिघडलं. लय बिघडलं. बॅग मी रिकामी करून ठेवली. हे माह्या एकट्याच्यानं होत नाही, तुम्ही अन् आई दोघंही इकडंच या. काम एका दिवसाचं दिसत नाही, कपडे जास्तीचे आणा.