बेल्जियमचं मत

सोमवार, ११ मे
पुन्हा तेच! इथल्या फोनवरून माल्टाला मत देता येत नाही. गाण्यांच्या स्पर्धेचा नियमच तसा — स्वतःच्या देशाला मत नाही. म्हणजे आमच्या माल्टाची पोरगी सगळ्या युरोपसमोर गळा ताणणार आणि आम्ही इथे हात चोळत बसायचं!

समोरची पाचीफिका म्हणाली, "मग परदेशात आपली माणसं कशाला असतात?" तिला बोलायला काय जातं! तिची तिन्ही मुलं हाकेच्या अंतरावर. माझा एकुलता एक सिल्वान ब्रसेल्सला. भाषांतरकाराची मोठी नोकरी. नाताळला रजा मिळाली नाही. ईस्टरलाही नाही.

बुधवार, १३ मे
सिल्वानचा फोन. बजावलं — शनिवारी बेल्जियममधून माल्टाला मत द्यायचंच.
"देतो गं आई."
"नाताळला येतो म्हणाला होतास, तसं नको!"
"आता मतावरूनही टोमणे का?"
टोमणे कसले! एवढं एकच तर मागितलं.

शनिवार, १६ मे
पाचीफिका बोलवायला आली. "आमच्याकडे ये की. सगळे जमलेत." नको म्हटलं. दुसऱ्यांच्या कोपऱ्यातली जादा खुर्ची होण्यापेक्षा आपलं घर बरं.

रिकोटा चीज भरलेल्या खुसखुशीत पास्तित्सी आणल्या, सवयीने दोघांपुरत्या. एक खाल्ली.

बाहेरच्या दाराला लावलेली किल्ली आत काढून घेतली. पूर्वी गल्लीत सगळ्यांच्याच दारांना बाहेरून किल्ली असायची. आता यायचंय कोणाला?

रविवार, १७ मे
पोरगी सुरेख गायली. पोशाख मात्र — सिस्टर बेनिन्यांनी आमच्या शाळेच्या फाटकातूनच परत पाठवली असती!

एकेक देश गुण सांगत गेला. बेल्जियमची पाळी आली तशी मी उठून उभी राहिले. खोलीत एकटी, आणि उभी! बेल्जियमकडून माल्टाला काहीही नाही. पाचीफिकाकडून केवढा ओरडा! त्यांना शून्यावर ओरडायलासुद्धा माणसं आहेत.

एक मत. तेवढंही जड झालं त्याला.

सोमवार, १८ मे
सिल्वानचा फोन. त्याने तोंड उघडायच्या आत झापला.
"अगं, दिलं होतं! पुन्हा पुन्हा दिलं. दर वेळी तोच निरोप — स्वतःच्या देशाला मत देता येत नाही."

बघा आगाऊपणा! बेल्जियमच्या यंत्राला कोणी सांगितलं हा माल्टाचा म्हणून? तशीच उठले, समोर जाऊन पाचीफिकाला सांगितलं — दिलं होतं हो माझ्या मुलाने! एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो बाईचा. आज नुसती खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "बस जरा. कॉफी टाकते."

मंगळवार, १९ मे
माणूस कुठला, ते यंत्राला कळत नाही. फोन कुठून केला, तेवढंच कळतं.

पाचीफिकाला कालच कळलं होतं.

केवढासा हा देश! कुठूनही निघा, बसने तास-दीड तासात माझं दार.

किल्ली पुन्हा बाहेरून लावून ठेवली आहे.